तोंडी नको, प्रोसिडिंगला घ्या

दौंड तालुक्यातल्या भांडगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय ग्रामपंचायतीचा आहे. निवडणुकीचा नाही बरं का. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते, पंधरा दिवस गाव ढवळून निघतं आणि अंगावरचा गुलाल धुतला की संपते. त्यानंतर पाच वर्षं दर महिन्याला जे काम चालतं, त्याच्याबद्दल बोलायचंय. मासिक सभा, महिला सभा, ग्रामसभा, आणि या सगळ्यांचं जे जाडजूड रजिस्टर असतं, ज्याला गावात सगळे प्रोसिडिंग म्हणतात, ते.

आता तुम्ही म्हणाल, हे काम सदस्यांचं, भाऊसाहेबांचं. आपल्याला त्यातलं काय कळतंय? तर बायांनो, आपल्याला त्यातलं बरंच कळतं. गटाची बैठक आपण कशी घेतो ते आठवा. हजेरी घेतो. मागच्या बैठकीत काय ठरलं ते वाचून दाखवतो. बचत गोळा होते, कर्जाचे अर्ज येतात, कुणाला किती द्यायचं यावर वाद होतात. शेवटी ठराव लिहितो, त्याला एक सूचक लागते, एक अनुमोदक लागते, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे. वही बरोबर नसेल तर बँकेचा साहेब दारात उभं करत नाही. ग्रामपंचायतीची सभा याहून निराळी नाही. वही मोठी, पैसा मोठा, खुर्च्या जास्त, एवढाच फरक. गटाची वही दहा वर्षं सांभाळलेल्या बाईला पंचायतीचं प्रोसिडिंग अवघड जाऊ नये.

पण होतं काय, की आपण आपलं गाऱ्हाणं पंचायतीकडे नेतो ते तोंडी. सरपंच ताई हळदी-कुंकवाला भेटल्या, तिथं सांगितलं. भाऊसाहेब गाडीवरून चालले होते, त्यांना हात करून थांबवलं. पाणी सोडणाऱ्याला नळावर झापलं. समोरचा माणूसही वाईट नसतो, तो म्हणतो, "होऊन जाईल ताई, बघतो." आणि खरंच बघायचं त्याच्या मनात असतं. पण मासिक सभेत बोललं जातं ते विषयपत्रिकेवर काय लिहिलंय त्याच्यावर, आणि पैसा खर्च होतो तो ठरावात काय लिहिलंय त्याच्यावर. रस्त्यात झालेलं बोलणं ना विषयपत्रिकेत असतं ना ठरावात.

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, हे आपल्या भागात सांगायला नको. २०२४ मध्ये सरकारनं त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच राहिले.

एक उदाहरण सांगतो. गावाचं नाव घेत नाही, ताईंचंही नाही. या ताईंचे मालक वारले. घर मालकांच्या नावावर होतं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठला त्यांचं नाव. नमुना आठ म्हणजे घरपट्टीसाठी घरांची जी यादी असते ती. कुणाचं घर, किती खण, पत्रा का स्लॅब, किती पट्टी. ताई वारस नोंदीसाठी पंचायतीत गेल्या. "मासिक सभेत घेऊ" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळेला गेल्या, सभा होऊन गेली होती. तिसऱ्या वेळेला गेल्या तर साहेब तालुक्याला मीटिंगला गेलेले. अशी दोन वर्षं गेली. दरम्यान घरकुलाचा विषय निघाला आणि त्यांच्या नावावर घर किंवा जागा दाखवणारा एकही कागद नव्हता. दीर म्हणायला लागले, घर तर आमच्या भावाचं आहे.

इथं एक लक्षात घ्या. दोन वर्षांत त्या ताईंनी एकदाही लेखी अर्ज दिला नव्हता, कारण तो द्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग गटातल्या बाया सोबत गेल्या. साधा अर्ज लिहिला, दोन प्रतींत. त्याला मृत्यूचा दाखला जोडला, वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. घरपट्टी थकली होती, ती गटातून अंतर्गत कर्ज घेऊन भरली आणि पावतीची प्रत लावली. एक प्रत पंचायतीत दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतला. हा आवक नंबर फार मोलाचा असतो. तो पडला की अर्ज कुणाच्या खिशात राहत नाही, रजिस्टरला चढतो. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत वारस नोंदीचे अर्ज म्हणून विषय आला, ठराव झाला, आणि नमुना आठला ताईंचं आणि दोन्ही मुलांचं नाव लागलं. दोन वर्षं अडलेलं काम, सगळं मिळून दीड महिन्यात झालं. कुणाशी भांडण नाही की कुणाचे पाय धरणं नाही.

आता ही मासिक सभा काय असते? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून १९५८ चा कायदा आहे, त्याच्यावर आपली पंचायत चालते. दर महिन्याला निदान एक सभा झालीच पाहिजे. सदस्यांना आधी नोटीस जाते, सोबत विषयांची यादी जाते. सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, जमाखर्चाला मंजुरी द्यायची, आलेले अर्ज घ्यायचे, मग बाकीचे विषय. मत द्यायचा हक्क सदस्यांचा. म्हणून आपला विषय तिथं पोचवायचा तर दोन वाटा: एक लेखी अर्ज, दुसरी आपल्या वॉर्डाच्या सदस्या. आपल्या वॉर्डाच्या सदस्या कोण, हे प्रत्येकीला ठाऊक हवं. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. १९९३ ला घटनादुरुस्ती झाली तेव्हा त्या एक तृतीयांश होत्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आपणच निवडून दिलेली बाई तिथं बसलीय. तिच्याकडे विषय लिहून दिला तर तिलाही बोलायला आधार मिळतो. नुसतं "तू काहीच बोलत नाहीस" असं म्हणून तिला घरी बसवण्यात काय हशील?

आणि तिच्या जागी तिचे मालक सभेला बसत असतील, तर ते चुकीचं आहे, हे स्पष्ट बोलायला हवं. निवडून ती आलीय, सही तिची चालते. आम्ही अशा वेळी एकच करतो, विषय तिच्याच हातात देतो, तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर वाचून. हळूहळू फरक पडतो.

नमुना आठचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगून घेतो, कारण गटांमध्ये याच्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. मालक हयात असतानाच घरावर आपलं नाव लागू शकतं. नोव्हेंबर २००३ मध्ये राज्य सरकारनं ग्रामपंचायतींना कळवलंय की नमुना आठला घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायची. वीस वर्षांहून जास्त झाली या गोष्टीला. तरी तुम्ही आज घरी जाऊन घरपट्टीची पावती काढून बघा, किती जणींची नावं आहेत. नमुना आठ हा काही मालकीचा अंतिम पुरावा नाही, ती कर आकारणीची नोंद आहे. पण तीच नोंद पुढं सगळीकडे विचारली जाते. आता स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून घरांच्या मिळकत पत्रिका देतात. त्याची सुरुवातीची चाचणी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाली होती. ड्रोन आभाळातून भिंती दाखवतो, घर कुणाचं ते दाखवत नाही. नावं ठरवताना पंचायतीच्या नोंदी बघितल्या जातात. म्हणून नोंद आधी नीट करून घ्या. घरातल्या पुरुषांना समजवायला जरा वेळ लागतो. आमचा अनुभव असा, की "हिस्सा पाहिजे" म्हटलं की घरात आवाज चढतो, पण "सरकारचं पत्रक आहे, दोघांचं नाव लावायचंय" म्हटलं की बरेच जण सही करतात.

आता ग्रामसभा. मासिक सभा सदस्यांची, पण ग्रामसभा आपली. गावच्या मतदार यादीत जिचं नाव आहे ती ग्रामसभेची सभासद. कुणी बोलवायची, मान द्यायची गरज नाही. वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, बऱ्याच गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. सात दिवस आधी नोटीस लागते. पूर्वी दवंडी यायची, आता व्हॉट्सअॅपवर पडते आणि गावच्या त्या ग्रुपवर बायका किती? म्हणून आम्ही एक करतो, प्रत्येक गटातल्या एकीला पंचायतीच्या नोटीस बोर्डाची जबाबदारी दिलीय. रेशनला जाताना, दवाखान्यात जाताना बोर्ड बघायचा आणि फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकायचा.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, ज्याला कोरम म्हणतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. मोठ्या गावात १५ टक्के म्हणजे चारशे-पाचशे होतात, त्यामुळं तिथं शंभर माणसं पुरतात. शंभर जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग आठ-दहा जण बसतात, विषय वाचले जातात, मंजूर, मंजूर, मंजूर, चहा. गावचं वर्षाचं काम त्या अर्ध्या तासात ठरतं. आपण त्याच वेळी बाहेर नळावर पाण्याच्या नावानं बोटं मोडत असतो.

आता आपला हिशोब करा. दहा गट, प्रत्येक गटात दहा बाया. शंभर झाल्या की नाही? पुरुषांपैकी एकही आला नाही तरी नुसत्या बचत गटाच्या बायांनी ग्रामसभेचा कोरम पुरा होतो. हा हिशोब आम्ही पहिल्यांदा बैठकीत मांडला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मंग इतकी वर्षं आपून शेंगा सोलत बसलो व्हतो का?" सगळ्या हसल्या. पण हिशोब पक्का आहे.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हेही कायद्यात आहे. फक्त बायकांची सभा, तिथं जे ठरेल ते ग्रामसभेपुढं ठेवायचं. कागदावर ही सभा सगळीकडे होते. प्रत्यक्षात काही ठिकाणी शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या मागत फिरतो. "ताई, जरा सही करा, महिला सभेची आहे." आपण भाकरी थापत असतो, पिठाच्या हातानं सही करतो. त्या कोऱ्या पानावर नंतर काय लिहिलं जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं. गटाच्या वहीवर आपण अशी सही करू का? कर्जाच्या कागदावर करू का? शिपायावर रागवू नका, तो सांगकाम्या. त्याला एवढंच म्हणायचं, "दादा, सभा कधी आहे ते सांगा, तिथं येऊन करते."

आणि सभेत गेल्यावर? बोलणाऱ्या खूप असतात, सगळ्या एकदम बोलतात. गटार, डास, दिव्याचा खांब, दारू, शाळेचं संडास. गलका होतो आणि भाऊसाहेब लिहितात, "विविध विषयांवर चर्चा झाली." या चार शब्दांत सगळं बुडतं. म्हणून आम्ही आदल्या दिवशी बसून तीनच विषय ठरवतो आणि प्रत्येक विषय ठराव कसा लिहिला जाईल तसा लिहून नेतो. "पाण्याची सोय करा" असं नाही. कोणत्या वस्तीला, किती घरांना, कुठून कुठपर्यंत पाइपलाइन, आणि पैसा कोणत्या निधीतून. खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. सभा संपताना म्हणायचं, "साहेब, आमचा ठराव तेवढा वाचून दाखवा." वाचून दाखवला की सही. नंतर ठरावाची नक्कल मागायची. कुणी टाळलंच तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. बाया वाचून घेतात हे एकदा कळलं की लिहिणारा नीट लिहितो.

निधीचं नाव घेतलं, तर पैशाचंही थोडं बोलू. पंचायतीला दोन तऱ्हेचा पैसा येतो. एक वरून येणारा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिलेली होती, ती दुसरीकडे वळवता येत नव्हती. त्याचा आराखडा, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास', ग्रामसभेतून मंजूर व्हावा लागतो. दुसरा पैसा गावाचा स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गाळ्यांचं भाडं. या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गावाचं उत्पन्न दहा लाख असेल तर लाख रुपये आपले. आपल्यासारख्या पुणे-सोलापूर हायवेवरच्या गावांत कंपन्या, गोदामं, हॉटेलं यांचाही कर येतो, त्यामुळं इथं हा आकडा आडरानातल्या गावापेक्षा मोठा असू शकतो. किती आहे आणि गेल्या वर्षी कशावर गेला, हा प्रश्न विचारायची हक्काची वेळ म्हणजे आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा. त्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवावेच लागतात. शिलाई मशीनच घ्या असं आमचं म्हणणं नाही, उलट मशीनं आता पुष्कळ झाली, धूळ खातायत. आमच्या मते अंगणवाडीच्या पाण्याची टाकी, बाजाराच्या दिवशी बायकांसाठी संडास, कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या पोरींच्या रस्त्यावर दिवे, असं काही मागावं. पण ते तुमच्या गावानं ठरवायचं.

पंचायत मनावर घेतली की किती काम करते, ते दर वर्षी पालखीला दिसतं. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम करून वरवंडला जाते, ती आपल्या भांडगाववरून. आधीपासून तयारी लागते. विहिरीत टीसीएल पावडर, टँकर, रस्त्याकडेची काटेरी झुडपं तोडणं, दिवे, कचऱ्याच्या गाड्या, दवाखान्याचं पथक. तारीख ठरलेली, काम वाटून दिलेलं, कोण काय करणार ते लिहिलेलं. एवढी माणसं गावातून जातात आणि निभावतं. मग आमच्या बाया विचारतात, वारकरी माउलींसाठी दोन दिवस संडास उभे राहतात, तर बाजारतळावर वर्षभर का नाहीत? प्रश्न टोचणारा आहे, पण तो टोमणा म्हणून नळावर मारण्यापेक्षा विषय म्हणून महिला सभेत ठेवला, तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

काही जणी म्हणतील, ठरावानं काय होतंय, कागदच तो. तर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. एका गावचा ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं, हेरवाडचा कित्ता गिरवा. पिढ्यान् पिढ्या ज्याच्याबद्दल बायका माजघरात रडत होत्या, ते प्रोसिडिंगला चढलं आणि मंत्रालयापर्यंत गेलं. रूढी एका कागदानं जात नाही, हे खरंच. पण तेराव्याला चुलत सासूनं बांगड्यांना हात घातला, तर आता "गावाचा ठराव आहे" असं म्हणायला एखादी तरणी पोरगी पुढं होऊ शकते.

आणि बायकांना पंचायत जमत नाही असं कुणी म्हटलं, तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातलं, बारामती तालुक्यातलं निंबूत सांगा. तिथं १९६३ मध्ये सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती, कमलाबाई काकडे सरपंच. आरक्षण यायच्या तीस वर्षं आधी.

तर आता आमचं चाललंय काय ते सांगतो. येत्या महिला सभेसाठी तीन विषय काढलेत. पहिला, नमुना आठला दोघांच्या नावाची नोंद, त्यासाठी पंचायतीनं वॉर्डावार दिवस ठरवून द्यावा, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बायकांना चार हेलपाटे पडणार नाहीत. दुसरा, बाजारतळावरचं संडास, महिला-बालकल्याणच्या १० टक्क्यांतून. तिसरा अजून ठरत नाही, दिव्यांचे खांब म्हणणाऱ्या एकीकडे आणि गटारं म्हणणाऱ्या दुसरीकडे. गुरुवारी बैठकीत मत घेऊ. अर्जाचा कच्चा मसुदा लिहून तयार आहे. तुमच्या गावात असा अर्ज लिहायला कुणी नसेल तर दहावी-बारावीच्या पोरींना बसवा, त्यांचं अक्षर चांगलं असतं आणि त्यांना हे शाळेच्या पुस्तकात शिकवलेलंही असतं. दोन प्रती काढा. आणि पंचायतीतून निघताना दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर पडलाय का, ते तिथंच उभं राहून बघा.